खैराटची शाळा आणि शुगरचा सांभाळ

ऑक्टोबर २००७. रायगड जिल्ह्यातल्या खैराट नावाच्या धनगरवाडीत जिल्हा परिषदेच्या धाटणीची मराठी शाळा. एक खोली, एक शिक्षक आणि पहिली ते चौथीची मिळून वीसेक मुलं. आपल्या सिंधुदुर्गात वाडीवाडीवर अशा शाळा आहेत, त्यामुळे चित्र वेगळं रंगवून सांगायला नको. त्या महिन्यात या मुलांच्या हातात हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले. प्रत्येकाला एक. वर्गात वापरायचा आणि संध्याकाळी दप्तराबरोबर घरीही न्यायचा.

हे लॅपटॉप आले होते अमेरिकेतल्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या ना-नफा संस्थेकडून. भारतात रिलायन्स त्यांच्या मदतीला होती. बातमी देशोदेशी पोचली. लॅपटॉपची किंमत किती, मुलं किती हरखली, वीज नसताना चार्जिंग कसं करणार, हे सगळं छापून आलं. एका गोष्टीकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. त्या यंत्राच्या आत जे चालत होतं ते कोणाचं होतं? आणि दहा वर्षांनी ते कोण सांभाळणार होतं?

आजचा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एवढं आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. ते जिवंत कसं राहतं, याची गोष्ट कमी सांगितली जाते.

शंभर डॉलरचं स्वप्न

सुरुवात जरा मागून करू. सिमोर पॅपर्ट हे एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातले गणितज्ञ. १९६७ साली त्यांनी काही सहकाऱ्यांबरोबर 'लोगो' ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. पडद्यावरच्या कासवाला हुकूम द्यायचे, कासव चालतं, मागे रेघ उमटते. मूल चौकोन काढायला शिकतं आणि शिकता शिकता भूमिती शिकतं. पॅपर्ट यांचं म्हणणं असं होतं, की संगणकाने मुलाला शिकवू नये, मुलाने संगणकाला शिकवावं. १९८२ साली त्यांनी आणि निकोलस नेग्रोपाँटे यांनी सेनेगलमधल्या डकारच्या शाळेत असा एक प्रयोग केला होता.

याच नेग्रोपाँटे यांनी जानेवारी २००५ मध्ये दावोसच्या परिषदेत जाहीर केलं, की गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप बनवू. नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिसच्या जागतिक परिषदेत संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या हस्ते त्याचा नमुना दाखवला गेला. गूगल, एएमडी, रेड हॅट अशा कंपन्यांनी पैसे घातले.

भारताने मात्र नकार दिला. जुलै २००६ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने कळवलं, की आम्हाला हे नको. शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांनी त्यामागच्या शिक्षणविचारावरच शंका घेतली. वर्ग आणि शिक्षक यांची गरज यंत्रापेक्षा तातडीची आहे, असा सूर होता. तो सूर चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. सरकारी दार बंद झालं म्हणून संस्थेने भारतात बाजूच्या वाटेने प्रवेश केला, आणि ती वाट खैराटला पोचली.

यंत्राच्या आत काय होतं

या लॅपटॉपचं नाव एक्सओ. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी, साठवणुकीला १ जीबी. पंखा नाही, फिरती हार्डडिस्क नाही, त्यामुळे धूळ-पावसात बिघडायला कमी जागा. पडदा असा, की भर उन्हातही वाचता यावं. किंमत शंभरावर थांबली नाही, दोनशे डॉलरच्या आसपास गेली. पण त्या काळी साध्या लॅपटॉपला याच्या कितीतरी पट मोजावे लागत.

यंत्र सुरू केलं की जी पहिली जागी होते आणि बाकी सगळ्यांना कामाला लावते ती ऑपरेटिंग सिस्टीम. एक्सओमध्ये तिचे दोन थर होते. खाली लिनक्स, रेड हॅटच्या पाठबळावर चालणाऱ्या फेडोरा प्रकल्पातून घेतलेलं. वर मुलांना दिसणारा थर, त्याचं नाव शुगर. आपल्याकडे शुगर म्हटलं की डॉक्टर आठवतो, पण ही शुगर वेगळी.

शुगरमध्ये फायली आणि फोल्डर नव्हते. मुलाने केलेलं प्रत्येक काम आपोआप एका रोजनिशीत नोंदलं जायचं. शेजारच्या बाकावरच्या मुलाचा लॅपटॉप पडद्यावर दिसायचा आणि दोघांना एकच चित्र, एकच निबंध मिळून करता यायचा. मधे इंटरनेट असण्याची गरज नव्हती, यंत्रं एकमेकांशी थेट बोलत. आणि कीबोर्डवर एक खास कळ होती. ती दाबली की समोर चाललेल्या कार्यक्रमाचा मूळ कोड उघडायचा. म्हणजे घड्याळ हातात देताना मागचं झाकण उघडायची किल्लीही दिलेली. शुगरचा बहुतेक भाग पायथन या सोप्या भाषेत लिहिलेला होता, तोही याच हेतूने.

अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी आपली मॅकची प्रणाली या लॅपटॉपसाठी फुकट देऊ केली होती. संस्थेने ती घेतली नाही. फुकट असली तरी ती उघडी नव्हती. झाकण उघडता येत नसेल तर मूल आत डोकावणार कसं? हा नकार ध्यानात ठेवा. पुढे तो महत्त्वाचा ठरतो.

उघडेपणाचा आणखी एक फायदा आपल्यासारख्यांना होता. प्रणालीतले शब्द आपल्या भाषेत आणायला कोणाची परवानगी लागत नव्हती. शुगरच्या भांडारात इतर भाषांबरोबर मराठी भाषांतराचीही फाईल आहे. मराठी बोलणारी मुलं किती, त्यातून विक्री किती होईल, असा हिशेब करून एखाद्या कंपनीने तिला मंजुरी दिली असं नाही. कोणीतरी बसून भाषांतर केलं आणि ते आत घेतलं गेलं.

मे २००८ ची फूट

खैराटला लॅपटॉप येऊन सहा-सात महिने झाले असतील नसतील, तोवर तिकडे मूळ संस्थेत फाटाफूट झाली. ज्या देशांकडून लाखांनी मागणी येईल अशी अपेक्षा होती, ती येत नव्हती. काही सरकारं विचारत होती, यावर विंडोज चालेल का? नेग्रोपाँटे यांना वाटू लागलं, की उघड्या सॉफ्टवेअरचा हट्ट लॅपटॉपच्या आड येतोय. मे २००८ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि संस्था यांनी मिळून जाहीर केलं, की एक्सओवर विंडोज एक्सपीही मिळेल.

संस्थेत सॉफ्टवेअरची बाजू सांभाळत होते वॉल्टर बेंडर. एप्रिल २००८ मध्ये ते बाहेर पडले. मे महिन्यात त्यांनी आणि सोबत्यांनी 'शुगर लॅब्ज' ही नवी संघटना काढली.

आता इथे थांबून विचार करा. एखाद्या कंपनीतला वरिष्ठ अधिकारी राजीनामा देतो आणि जाताना कंपनीचं मुख्य सॉफ्टवेअर बरोबर घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी पोलीस दारात उभे राहतील. बेंडर यांच्या बाबतीत असं काही झालं नाही, कारण शुगर जीपीएल या परवान्याखाली होतं. रिचर्ड स्टॉलमन यांच्या चळवळीतून आलेला हा परवाना सांगतो, की हा कोड कोणीही वापरा, बदला, वाटा, फक्त पुढच्याला तोच हक्क द्या. शुगर संस्थेच्या घरात जन्मलं होतं, पण संस्थेच्या मालकीच्या कुलपात नव्हतं. जॉब्स यांची भेट स्वीकारली असती तर या दिवशी उचलून नेण्यासारखं काही हाती राहिलंच नसतं.

मूळ संस्थेचं पुढे काय झालं? जानेवारी २००९ मध्ये पैशांची ओढाताण झाली आणि जवळजवळ निम्मे कर्मचारी कमी करावे लागले. विंडोजच्या वाटेचाही फार उपयोग झाला नाही. बहुतेक एक्सओंवर शेवटपर्यंत शुगरच राहिलं.

वही, खातं आणि सही

परवान्यामुळे शुगर नेता आलं, हे खरं. पण परवाना वीजबिल भरत नाही.

नव्या संघटनेकडे काय होतं? काही स्वयंसेवक, एक सर्व्हर आणि एक नाव. कोणी देणगी द्यायची म्हटली तर चेक कोणाच्या नावाने लिहायचा? बेंडर यांच्या स्वतःच्या खात्यावर? मग उद्या भांडण झालं तर पैसा कोणाचा? सर्व्हरच्या करारावर सही कोणाची? 'शुगर लॅब्ज' हे नाव वापरून कोणी भलतंच काही विकू लागलं तर नोटीस कोण पाठवणार? आणि कोणी कोर्टात खेचलं तर एका शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने फावल्या वेळात केलेल्या कामासाठी आपलं घर गहाण टाकायचं का?

या प्रश्नांना कोडमध्ये उत्तर नसतं. डिसेंबर २००८ मध्ये शुगर लॅब्जने ते 'सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी' या न्यूयॉर्कच्या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली जाऊन शोधलं. २००६ साली स्थापन झालेली ही संस्था स्वतः मोठं सॉफ्टवेअर बनवत नाही. ती छोट्या-मोठ्या मुक्त प्रकल्पांचा कारभार सांभाळते. प्रकल्पाच्या नावाने वेगळा हिशेब ठेवते, देणगीदाराला करसवलतीची पावती देते, करारावर सही करते, नाव आणि बोधचिन्ह राखते, वकील देते. मोबदल्यात प्रकल्पाच्या उत्पन्नातले साधारण दहा टक्के कारभारासाठी घेते. प्रत्येक प्रकल्पाने आपापली संस्था नोंदवून, आपापला सीए नेमून, आपापलं ऑडिट करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

महत्त्वाची गोष्ट म्हणजे शुगरमध्ये काय बदलायचं, काय ठेवायचं हे कॉन्झर्व्हन्सी ठरवत नव्हती. त्यासाठी शुगर लॅब्जचं स्वतःचं सात जणांचं मंडळ होतं आणि ते सदस्यांच्या मतदानाने निवडलं जायचं. पैसा एका हातात, निर्णय दुसऱ्या हातात. आपल्याकडे देवस्थानची विश्वस्त समिती असो, मशिदीची जमात असो किंवा सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिरासारखं दीडशे वर्षांहून जुनं ग्रंथालय असो, जिथे हे दोन हात वेगळे राहिले तिथे संस्था टिकली. जिथे एकच माणूस वहीही ठेवू लागला आणि हुकूमही देऊ लागला, तिथे काय होतं ते गावोगावी आपण जाणतो.

मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिलेल्या माणसाला हे आणखी सोपं करून सांगता येईल. रापणीचं जाळं एकट्याचं नसतं. होडी अर्धवर्तुळ घेत जाळं समुद्रात सोडते आणि किनाऱ्यावर दोन्ही टोकांना माणसं दोऱ्या ओढतात. दोरीला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. पण फाटलेलं जाळं कोणाच्या पैशाने दुरुस्त करायचं? होडीची डागडुजी कशातून? त्यासाठी सामाईक पैसा बाजूला काढावा लागतो आणि त्याची वही कोणाकडे तरी द्यावी लागते. ज्याच्याकडे वही असते तो समुद्राचा मालक होत नाही. फरक एवढाच, की मासळी वाटली की संपते. सॉफ्टवेअर वाटल्याने संपत नाही. मात्र न दुरुस्त केल्याने ते जाळ्यासारखंच कुजतं.

कुजतं म्हणजे काय, याचं उदाहरण शुगरच्याच इतिहासात आहे. शुगर ज्या पायथनमध्ये लिहिलं होतं, त्या पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीचा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून थांबणार हे आधीच जाहीर झालं होतं. म्हणजे शुगर आणि त्यातले शेकडो कार्यक्रम तिसऱ्या आवृत्तीत आणणं भाग होतं. यात नवं काही दिसत नाही, उद्घाटन नाही, फोटो नाही. ओळीओळीने जुना कोड तपासायचा आणि बदलायचा. हे काम स्वयंसेवकांनी केलं, त्यात गूगलच्या 'समर ऑफ कोड' योजनेतून आलेले विद्यार्थीही होते. अशा योजनांतून शुगरकडे भारतातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलंही येत राहिली आहेत. योजनेत विद्यार्थ्याला मानधन मिळतं आणि मार्गदर्शन करणाऱ्या संघटनेलाही थोडी रक्कम मिळते. ती जमा करायला संघटनेचं कायदेशीर खातं लागतं. पुन्हा वही आणि खातं!

यंत्राशी असलेली गाठही शुगरने सोडवली. जून २००९ मध्ये 'शुगर ऑन अ स्टिक' आलं. साध्या पेनड्राइव्हवर आख्खी प्रणाली. जुना पडून असलेला कोणताही संगणक त्यावरून सुरू करा, मुलाचं काम पेनड्राइव्हवर राहील. पुढे फेडोरा प्रकल्पाने ही आवृत्ती आपल्या नियमित वितरणात घेतली. डेबियन या दुसऱ्या लिनक्स परिवारातही शुगर मिळतं. आता तर शुगर लॅब्ज छत्राखालून बाहेर पडून स्वतः स्वतंत्र ना-नफा संस्था झाली आहे.

तुमच्या फोनमागचं फाउंडेशन

हे सगळं लहान मुलांच्या लॅपटॉपपुरतं आहे असं कोणाला वाटेल, म्हणून एक मोठं उदाहरण देतो. आपल्या जिल्ह्यात लग्नाच्या आमंत्रणापासून मासळीच्या भावापर्यंत सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. या व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर सुरुवातीच्या वर्षांत फ्रीबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमवर उभे होते. एकेका सर्व्हरवर लाखो लोकांची जोडणी सांभाळायची तर अशीच भक्कम आणि फुकट प्रणाली हवी होती.

या प्रणालीमागे २००० साली स्थापन झालेलं फ्रीबीएसडी फाउंडेशन आहे. प्रकल्पाचं नाव आणि बोधचिन्ह राखणं, विकासकांना ठरावीक कामासाठी पैसे देणं, सर्व्हर विकत घेणं, परिषदांना मदत करणं, कंपन्यांशी कायदेशीर बोलणी करणं, ही त्याची कामं. प्रणालीची दिशा मात्र विकासकांनी निवडलेला गट ठरवतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप १९ अब्ज डॉलरना घेतल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपचे संस्थापक जॅन कूम यांनी या फाउंडेशनला १० लाख डॉलर दिले. आपण ज्या पायरीवरून चढलो ती ओळखणारा माणूस, असं त्याबद्दल म्हणता येईल. पण मनात असूनही ते पैसे देता आले, कारण घ्यायला कोणीतरी होतं.

त्याच वर्षीची दुसरी बाजूही पाहा. ओपनबीएसडी हा फ्रीबीएसडीचाच भाऊबंद. जगभरचे सर्व्हर दुरून सुरक्षितपणे हाताळायला वापरलं जाणारं ओपनएसएसएच याच प्रकल्पातून आलं. जानेवारी २०१४ मध्ये या प्रकल्पाला जाहीर हाक द्यावी लागली, की वर्षाला २० हजार डॉलरचं वीजबिल भरायला पैसे नाहीत, यंत्रं बंद करावी लागतील. देणग्या आल्या आणि यंत्रं चालू राहिली. पण ज्या कंपन्या त्या कोडवर अब्जावधींचा धंदा करत होत्या, त्यांना तोवर विजेचा मीटर दिसला नव्हता. फाउंडेशन असलं म्हणजे पैसा आपोआप येतो असं नाही. पैसा यायला एक दार असतं, एवढंच.

जमेबरोबर खर्चही मांडू

शुगरचं कौतुक करताना दुसरी बाजू झाकणं बरं नव्हे. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने लाखो एक्सओ घेतले. २०१२ साली तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लॅपटॉपमुळे गणित किंवा भाषेच्या चाचण्यांत सुधारणा झाल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. त्याच खंडातल्या उरुग्वेने २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला, पण त्यामागे शाळाशाळांत इंटरनेट, दुरुस्ती आणि शिक्षकांचं प्रशिक्षण यांची सरकारी यंत्रणा उभी केली. पेरूत ती तेवढी उभी राहिली नाही. बॅनर्जी यांची शंका २००६ मध्ये अगदीच हवेतली नव्हती, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करायला हवं.

भारतातही खैराटचा प्रयोग देशभर पसरला नाही. पुढे सरकारने स्वस्त यंत्राचं स्वतःचं स्वप्न 'आकाश' टॅबलेटच्या रूपाने पाहिलं. ऑक्टोबर २०११ मध्ये तो गाजतवाजत आला, आणि काही वर्षांत त्याची चर्चाही थांबली. दोन्ही वेळा पुढाऱ्यांचं आणि वर्तमानपत्रांचं लक्ष किमतीवर होतं. शंभर डॉलर, पस्तीस डॉलर. यंत्र देण्याचा दिवस सगळ्यांच्या कॅलेंडरवर होता. यंत्र तीन वर्षांनी अपडेट करण्याचा दिवस कोणाच्याच कॅलेंडरवर नव्हता.

शुगर लॅब्जही काही श्रीमंत झाली नाही. माणसं कमी, पैसे कमी, नव्या आवृत्त्यांची गती मंदावलेली. तरीही ज्या मोठ्या संस्थेकडे कोट्यवधी डॉलर, नामवंत कंपन्या आणि जगभरची प्रसिद्धी होती ती विरत गेली, आणि जिच्याकडे विकायला एकही यंत्र नव्हतं ती छोटी संघटना शुगर आजवर घेऊन आली. मोठ्या संस्थेने लॅपटॉप हे ध्येय धरलं होतं. त्याची मागणी थांबली तशी ती थांबली. छोटीने सांभाळ हेच काम मानलं, आणि सांभाळ रोज करावा लागतो.

केरळ आणि आपण

हा सांभाळ सरकारही करू शकतं, हे पाहायला अमेरिकेत जायला नको. कोकण रेल्वेत बसून दक्षिणेला गेलं तरी पुरे. केरळने २००१ साली 'आयटी अ‍ॅट स्कूल' प्रकल्प सुरू केला आणि पुढे सरकारी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअरच वापरायचं ठरवलं. २०१७ मध्ये या प्रकल्पाला 'काइट' या सरकारी कंपनीचं रूप दिलं. ही कंपनी शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार करते, तिच्यात मल्याळमची सोय असते, अभ्यासक्रमाचे कार्यक्रम असतात आणि शिक्षकांना तीच शिकवली जाते. 'लिटल काइट्स' नावाचे विद्यार्थ्यांचे गट शाळेतल्या शाळेत बारीकसारीक अडचणी सोडवतात. तिथे परवाना, संस्था आणि शिक्षक अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

महाराष्ट्रात काहीच नाही असं नाही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स, लिबरऑफिस आणि अशा अनेक मुक्त साधनांचे धडे मराठी आवाजात मिळतात, फुकट. पण केरळसारखं, प्रत्येक शाळेच्या यंत्रात काय चालतं त्याची जबाबदारी घेणारं एक घर आपल्याकडे उभं राहिलेलं नाही. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. आपली मुलं हुशार आहेत यात वाद नाही. ती पुण्या-मुंबईत जाऊन सॉफ्टवेअर लिहितातही. गावच्या शाळेतल्या संगणकावर काय चाललंय, तो अपडेट कधी झाला, त्यात मराठी नीट उमटते का, याचं उत्तर मात्र त्यांच्यापैकी कोणी विचारलेलं नसतं.

म्हणून एक साधी सूचना. आपल्याकडे चाकरमान्यांची ग्रामस्थ मंडळं गावच्या शाळेला दरवर्षी काही ना काही देतात. कधी संगणक, कधी टॅबलेट, कधी प्रोजेक्टर. पुढच्या वेळी असं काही आलं, की शाळा व्यवस्थापन समितीने चार प्रश्न विचारावेत. यात चालणारी प्रणाली उघडी आहे की बंद? देणारी कंपनी उद्या बंद पडली तर हे चालू राहील का? बिघडलं तर फोन कोणाला करायचा? आणि पुढच्या तीन वर्षांच्या दुरुस्तीचे पैसे कुठल्या वहीत लिहिलेत?

मंडळांनाही सांगणं आहे. दहा टॅबलेटांऐवजी आठ द्या. उरलेल्या दोनांचे पैसे शाळेच्या नावाने बाजूला ठेवा, आणि वर्षातून दोनदा येऊन यंत्रं तपासेल अशा गावच्याच एखाद्या मुलाला किंवा मुलीला त्यातून मानधन द्या. त्याचा फोटो कदाचित कुठे छापून येणार नाही. पण चौथीतली मुलगी सातवीत जाईल तेव्हा तिचं यंत्र चालू असेल.